कळवायचं कोणाला

महापालिकेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या नळाचं पाणी जरा गार येतं म्हणून दुपारच्या सुट्टीत ती बाटली घेऊन जिना चढून गेली. नळ मुख्य अभियंत्यांच्या केबिनच्या भिंतीला लागून होता आणि उकाड्यामुळे केबिनचं दार स्टूल लावून उघडं ठेवलेलं होतं. आतून मुख्य अभियंत्यांचा आवाज आला, घास एका गालात सारून बोलावं तसा. "मग बंधाऱ्याचे चारही दरवाजे एकदम उचलू. इथली बाजारपेठ बुडवून कसं चालेल?" दुसरा कोणीतरी तरुण होता. तो म्हणाला, "खालच्या भागाला कळवायचं ना, सर?" "कळवायचं कोणाला? तिथं आता आहे कोण?" मग डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. बाटली भरून पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं तरी नळ बंद करायचं तिला सुचलं नाही. छातीत धस्स झालं, असं म्हणायची पद्धत आहे. पण झालं ते छातीत नव्हे. पोटात झालं, आणि गुडघ्यांच्या मागे, लहानपणी कोणी पाठीमागून 'भॉक' केलं की पाय आपोआप दुमडायचे तिथं. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. वर डोंगरात सतत पाऊस कोसळतोय हे तिने सकाळी पेपरात वाचलं होतं, आतल्या पानावर, आणि वाचून पान उलटलं होतं.

तिथं आता आहे कोण. तिथं बाबा होते. या वेळी ते आरामखुर्चीत असणार, कानातलं यंत्र काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेलं, पेपर पोटावर. ती जिना उतरली आणि आपल्या टेबलाशी येऊन बसली. टेबलावर तिचीच अर्धी लिहिलेली पानं होती. महापालिकेच्या स्मरणिकेत विलीन झालेल्या शहरासाठी दोन पानं राखली होती आणि "तुम्ही त्या बाजूच्या, तुम्हीच लिहा" म्हणून खात्याच्या हेडबाईंनी ते काम तिच्या गळ्यात घातलं होतं. दोन पानांत काय मावणार? मोठ्या शहराला चामड्याच्या कारखान्यांचा वास नको होता, म्हणून कारखाने आणि वीटभट्ट्या बंधाऱ्याच्या खाली, हद्दीच्या पलीकडे गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग माणसं गेली. माणसं वाढली तेव्हा त्यांनी स्वतःची नगरपालिका मागितली आणि ती चटकन मिळाली, कारण आपल्या उकिरड्याला दुसरं कुणी मालक मिळत असेल तर कोणाला नको असतो? मग सदस्य आले, अध्यक्ष आले, पिवळा रंग दिलेली कचऱ्याची गाडी आली. दोन बस आल्या, त्यातली एक कायम दुरुस्तीला, म्हणून लोक दुसरीला 'उरलेली' म्हणायचे. "उरलेली गेली का हो?" असं थांब्यावर विचारायचे आणि कोणाला हसू यायचं नाही, इतकं ते नाव रुळलं होतं. हे तिने लिहिलं होतं आणि हेडबाईंनी खोडलं होतं. बंधाऱ्याच्या कराराबद्दलही एक वाक्य लिहिलं होतं. दरवाजे मोठ्या शहराचे आणि पाणी खालच्यांच्या अंगावर, तेव्हा एका वेळी एकच दरवाजा उचलायचा आणि उचलण्याआधी खाली कळवायचं, असं दोन्हीकडच्या लोकांनी बसून ठरवलं होतं. हेडबाई म्हणाल्या होत्या, "हे आपलं-तुपलं कशाला आता? एकच शहर आहे." आणि तिने ते वाक्य काढून टाकलं होतं. अजिबात वाईट न वाटता काढलं होतं.

तिला भोंगा आठवला. नगरपालिकेच्या छतावरचा भोंगा वाजला की सगळा खालचा भाग उठून वर शाळेकडे चालायला लागायचा, गाद्या डोक्यावर, भांडी बादलीत. एकदा, ती पाच-सहा वर्षांची असेल, बाबा तिला कडेवर घेऊन त्या चढावरून पळाले होते. पाणी तिला दिसलंच नव्हतं. तिला आठवत होती ती बाबांची छाती. शर्टाच्या आत काहीतरी दाराला धडका दिल्यासारखं आपटत होतं, आणि तिला वाटलं होतं की बाबांच्या आत कोणीतरी कोंडलंय. पाण्याची भीती तिला त्या दिवशी बाबांच्या अंगातून मिळाली. नंतर ती कधी पूर्ण गेली नाही. शाळेत फळ्यासमोर उभं राहताना, नोकरीच्या मुलाखतीत, विलीनीकरणानंतर महापालिकेत वर्ग झाल्यावर या इमारतीच्या लिफ्टमध्ये पहिल्यांदा शिरताना, प्रत्येक वेळी ते गुडघ्यांच्या मागचं पाणी होतंच.

तिने घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग बाबांच्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंना लावला. मागे मशीनची खडखड चालू होती.

"काकू, बाबांना उठवून वर शाळेत घेऊन जाता का? तुम्ही पण निघा. दरवाजे उघडणार आहेत म्हणे."

"कोण म्हणतं?"

"इथं ऑफिसात ऐकलं."

"अगं, इथं कडक ऊन पडलंय. तसं लेखी काही आलंय का?"

"नाही, पण..."

"मग? मागच्या वर्षी त्या पोराचं काय झालं माहीत आहे ना? बस शांत. चहा घे."

माहीत होतं. खालच्या भागातल्या विभाग कार्यालयाच्या एका लिपिकाने असंच ऐकून बाजारात सांगितलं, पळापळ झाली, एका म्हातारीचा पाय मोडला आणि पाणी काही आलं नाही. तो अजून निलंबित होता. अफवा पसरवणाऱ्यांवर कारवाई होईल, ही सूचना तेव्हापासून प्रत्येक मजल्यावर लावलेली होती. तिच्या टेबलावरून मान वळवली की दिसायची. तिला एकाच वेळी दोन गोष्टींची भीती वाटत होती, पाणी येईल याची आणि पाणी येणार नाही याची. आणि खरं सांगायचं तर दुसरी भीती मोठी होती. पाणी आलं तर ते सगळ्यांवर येईल. नाही आलं तर ती एकटी बुडेल.

तरी ती पुन्हा वर गेली. मुख्य अभियंते हात धुऊन नॅपकिनला पुसत होते. चांगला माणूस. तिच्या आईच्या आजारपणात त्यांनी रजेच्या अर्जावर न विचारता सही केली होती.

"साहेब, खालच्या भागाला..."

"तुम्ही त्या बाजूच्या, नाही का?" ते हसले. "काळजी करू नका. अजून पक्कं नाही. आणि विभाग कार्यालयाला निरोप जाईलच. उगाच कोणाला घाबरवू नका."

तिने जिन्यातूनच विभाग कार्यालयाला फोन लावला. पहाऱ्यावरच्या माणसाने उचलला. साहेब नाहीत, म्हणाला, साहेब मुख्यालयात मीटिंगला गेलेत, तुमच्याच इमारतीत बघा, चौथ्या मजल्यावर. ती जिन्यात उभी राहिली. म्हणजे निरोप या दारातून निघून त्या दारात जाणार होता आणि तिथंच चहा पीत बसणार होता.  हेडबाईंना तिने डोकं दुखतंय असं सांगितलं. हेडबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जा बाई, चेहरा बघ कसा झालाय."

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. पुलावर बस नेहमीसारखी रेंगाळली. खालच्या अंगाला नदी अगदी शहाण्यासारखी वाहत होती, पात्राच्या मधोमध, दोन्हीकडे दगड कोरडे, त्यावर ऊन. ते बघून तिचा जीव भांड्यात पडला आणि लगेच दुसरी भीती चढली: आता घरी जाऊन काय सांगणार? पुढच्या थांब्यावर उतरावं, परतीची बस पकडावी, डोकं दुखायचं थांबलं म्हणून हेडबाईंना सांगावं. ती उठलीसुद्धा. उठल्यामुळे तिला पलीकडच्या खिडकीतून वरचं अंग दिसलं. बंधाऱ्यामागे पाणी दरवाजांच्या कडेपर्यंत आलं होतं, तांबडं, फुगलेलं, आणि मुळीच हलत नव्हतं. बंधाऱ्यावर पाचसहा माणसं कठड्याला रेलून खाली बघत होती. त्यांतला एक घड्याळात बघत होता. ती पुन्हा खाली बसली. शेजारच्या बाईने विचारलं, "उतरायचंय का?" तिने मानेनेच नाही म्हटलं.

बाबा खुर्चीत तसेच होते, पेपर पोटावर. तिने त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा ते दचकले, तिला बघून आणखी दचकले, आणि यंत्र कानात बसवायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. "तू या वेळी? बरं आहे ना?"

तिने सांगितलं. ते ऐकत होते, चष्म्याच्या काचा बनियनला पुसत. मग म्हणाले, "चार एकदम नाही उघडणार. एकेकच उघडतात. आणि कळवतील. करारात आहे."

"करार त्यांच्यात आणि आपल्यात होता, बाबा."

"मग तेच म्हणतोय."

"आता आपण आहोत कुठे? आता सगळे तेच. त्यांनी स्वतःशी करार केल्यासारखं झालं. स्वतःला कोण कळवतं?"

बाबांचा हात थांबला. हे आपण त्यांना इतक्या स्पष्ट शब्दांत सांगायला नको होतं, हे तिला बोलून झाल्यावर कळलं. विलीनीकरणाच्या ठरावाला मतं निम्मीनिम्मी पडली होती आणि अध्यक्ष म्हणून शेवटचं मत बाबांचं होतं. त्या काळात विहिरींचं पाणी नासलं होतं, मुलांना कावीळ होत होती. बाबांचं औषधाचं दुकान होतं. आया मुलांना उचलून आणायच्या, मुलांच्या डोळ्यांचा पिवळा रंग ते रोज बघायचे आणि बाटल्या द्यायचे, ज्यांनी काही होणार नाही हे त्यांना माहीत असायचं. मोठं शहर नळाचं पाणी देणार होतं, गटारं बांधणार होतं, दवाखाना देणार होतं. बदल्यात फक्त हद्द. बाबांनी हात वर केला. पाणी आलं, गटारं आली, कावीळ थांबली. आणि नगरपालिकेचा फलक आणि छतावरचा भोंगा उतरवला त्या दिवसापासून लोक औषधं घ्यायला दोन चौक चालून दुसरीकडे जायला लागले. भांडलं कोणी नाही. रस्त्यात भेटले की बोलायचे, कसं काय विचारायचे, फक्त दुकानाची पायरी कोणी चढेना. बाबांनी कधी कुणाला दोष दिला नाही. "मी बरोबरच होतो," असंही कधी म्हणाले नाहीत. पण कराराचं हे त्यांना आज पहिल्यांदा सुचलं होतं, आणि सुचवलं तिने, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. करारातली दुसरी बाजू त्यांनीच मिटवली होती, आणि हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, विरोधकांच्यासुद्धा नाही. विरोधक नावासाठी भांडत होते, पिवळ्या गाडीसाठी भांडत होते.

ते उठले. सदरा घातला, बटणं वरखाली लागली, तशीच ठेवली. "चल," म्हणाले.

शिंपीणकाकूंनी मशीन थांबवून आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाबांच्या बटणांकडे, आणि कपड्यांचे गठ्ठे माळ्यावर फेकायला लागल्या. पुढचं दार, त्याच्या पुढचं दार. बाबा सांगायचे एकच वाक्य, "पाणी सोडतायत, शाळेत चला," आणि पुढे जायचे. ती मागे. काहींनी लगेच पोरं गोळा केली, काही दारात उभे राहून आकाशाकडे बघत राहिले. एका घरातल्या सुनेने विचारलं, "कोणी सांगितलं?" आणि ती पुढे होऊन म्हणाली, "मी ऑफिसातून आलेय." ऑफिसातून आलेय, एवढंच. त्यात खोटं काही नव्हतं, पण ते ऐकून सूनबाई घाईने आत वळल्या. आता हे सगळं तिच्या नावावर जमा होणार होतं. गल्ली कोरडी होती. ऊन उतरतं झालं होतं आणि भिंती तापलेल्या होत्या. एक माणूस गादी खांद्यावर घेऊन जाताना हसत म्हणाला, "नाही आलं तर चहा तुमच्याकडून बरं का, अध्यक्ष." बाबांना किती वर्षांनी कोणी अध्यक्ष म्हणालं होतं, आणि ते असं.

गल्लीच्या खालच्या टोकाला कुलूपकाकांचं दुकान, त्यामागे एक खोली. बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. तिला त्यांनी तिच्या आठव्या वाढदिवसाला अंगठ्याएवढं कुलूप करून दिलं होतं. विलीनीकरणाच्या सभेत तेच सगळ्यांत मोठ्याने बोलले होते, आणि त्यानंतर त्यांनी बाबांशी बोलणं टाकलं होतं. ते दारात स्टुलावर बसून एक किल्ली कानशीने घासत होते. बाबा समोर उभे राहिले. कुलूपकाका घासत राहिले.

"दरवाजे उघडतायत," बाबा म्हणाले. "वर चल."

"कोणी कळवलं?"

"कोणी नाही."

"मग?"

"पोरीने ऐकलं."

कुलूपकाकांनी किल्ली उजेडात धरून बघितली. "एकदा तुझं ऐकलंय सगळ्या गावाने," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. हवापाण्याबद्दल बोलावं तसे बोलले. "पाणी आलं की बघू. मला पोहता येतं." मग तिच्याकडे बघून म्हणाले, "तू बारीक झालीस गं."

"काका, चला ना," ती म्हणाली. तिला त्यांचा हात धरून ओढायचा होता. तिने हात पुढेही केला. पण ते उठून आत गेले आणि दार लावून घेतलं, हळूच, आवाज न करता. आतून कडी पडली, मग दुसरी. बाबांनी दारावर थाप मारली. पुन्हा मारली. "अरे ए," एवढंच म्हणाले. बराच वेळ ते तिथं उभे राहिले, आणि त्यांच्या पाठीकडे बघताना तिला त्यांची ती जुनी छाती आठवली आणि आता तिच्याच फासळ्यांत ते धडका देणारं काहीतरी सुरू झालं.

ऐकू काहीच आलं नाही. दिसलं ते आधी गल्लीच्या मधोमध. गटाराचं लोखंडी झाकण एका बाजूने उचललं गेलं, खालून कोणी डोक्याने ढकलावं तसं, परत बसलं, परत उचललं. झाकणाच्या कडेने काळं पाणी आलं, मग त्याच्या पुढचं झाकण, मग दारादारातल्या मोऱ्यांतून. नदी तर अजून तिच्या जागी असेल. पाणी गटारांतून उलटं येत होतं, मोठ्या शहराने बांधलेल्या रुंद, पक्क्या गटारांतून. बाबा त्या झाकणाकडे बघत राहिले. तिने त्यांचं मनगट पकडलं. "बाबा, चला." "तो आत आहे." "चला म्हणते ना." ते हलेनात, तेव्हा तिने त्यांना ओढलं, दंडाला धरून, ढकलून, जवळजवळ फरफटत. त्यांचं वजन किती कमी झालंय हे तिला त्या क्षणी कळलं आणि त्याचीही भीती वाटली. चढावर पोचेपर्यंत पाणी पोटऱ्यांना लागत होतं, कोमट, साबणाचा वास येणारं. मागे वळून तिने एकदाच पाहिलं. कुलूपकाकांचं दार बंदच होतं. पाणी उंबऱ्यावर होतं. मग वळणावरून नदी आली, तांबडी, आडवी, अजिबात घाई नसल्यासारखी, आणि गल्ली दिसेनाशी झाली.

शाळेच्या वरच्या मजल्यावर लोक बाकांवर, जमिनीवर, गाद्यांवर बसले होते. कोणी रडत नव्हतं. लहान मुलं फळ्यावर रेघोट्या मारत होती. शिंपीणकाकू माणसं मोजत होत्या, विसरत होत्या, पुन्हा मोजत होत्या, आणि खालच्या टोकाच्या घराशी आल्या की दर वेळी थांबत होत्या. बाबा खिडकीशी उभे. त्यांचं यंत्र चढावरच्या ओढाताणीत कानातून पडलं होतं. कोणी काही बोललं तर ते बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायचे आणि पुन्हा बाहेर. ती भिंतीला टेकून बसली होती. आपण बरोबर ठरलो, याचं तिला जरासुद्धा बरं वाटत नव्हतं. तिचे दात वाजत होते आणि ते आवरावेत म्हणून तिने पदराचा बोळा दातांत धरला होता. तिला एकच दिसत होतं, आपला पुढे झालेला हात. आणखी वीतभर पुढे गेला असता तर. काकांच्या बाहीला लागला असता तर.

उजेड असतानाच अग्निशमन दलाची बोट आली. बोटीत दोन जवान आणि केशरी जाकीट घातलेला एक तरुण अधिकारी होता. बाबांनी खिडकीतून हात करून त्यांना खालच्या टोकाला पाठवलं. बोट गेली. शाळेत सगळे खिडक्यांशी जमले. बोट परत आली ती तशीच, तिघांना घेऊन. जवानांनी बाबांकडे बघायचं टाळलं. एकाने तिच्याकडे बघून मान हलवली, अगदी थोडी. छतापर्यंत पाणी होतं, म्हणाला, आणि दार आतून बंद.

अधिकारी जिन्यातून वर आला. त्याच्या हातात फोन होता आणि फोनवर कोणीतरी आधीपासून होतं. सगळ्यांकडे बघत त्याने विचारलं, "तुम्हाला वेळेवर कळवलं होतं ना?"

 मग एकएक करून चेहरे तिच्याकडे वळले. ऑफिसातून आलेली तीच होती. हो म्हणणं किती सोपं होतं. हो म्हटलं की ती ऑफिसचा निरोप घेऊन आली होती, डोकेदुखीचं खोटं सांगून पळाली नव्हती. हो म्हटलं की चौथ्या मजल्यावर कोणाचं काही बिघडणार नव्हतं आणि तिचंही नाही. तिने तोंड उघडलं.

बाबांनी अधिकाऱ्याच्या ओठांवरून 'कळवलं' एवढाच शब्द टिपला असावा. "कळवलं होतं," ते म्हणाले, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं फार मोठ्याने. "मी स्वतः दारात जाऊन कळवलं होतं त्याला."

अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. फोन कानाला लावत तो म्हणाला, "हो सर. कळवलं होतं म्हणतायत. नाही, एकच. तो स्वतःच थांबला."

"नाही," ती म्हणाली.

तो आवाज तिचा होता हे तिला सगळे वळले तेव्हा कळलं. ती उठली.  तिने बाकाची कड धरली. "तसं सांगू नका. ते त्यांच्या मित्राबद्दल बोलतायत. फोन द्या मला."

अधिकारी घोटाळला. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने फोन पुढे केला. फोन गरम होता, त्याच्या कानाचा घाम लागलेला. पलीकडून आवाज आला, "हॅलो? कोण बोलतंय?" आवाज तिने लगेच ओळखला. घास गालात नव्हता, एवढाच फरक.

तिने नाव सांगितलं, खातं सांगितलं, मजला सांगितला. "साहेब, आम्हाला कोणी कळवलं नाही," ती म्हणाली. "मी तुमच्या दारातून ऐकलं."

पलीकडे कोणी बोलेना. फोन चालू होता; तिला त्यातून स्वतःचाच श्वास परत येताना ऐकू येत होता, आणि खिडकीपाशी बाबा तिच्या ओठांकडे बघत विचारत होते, "काय म्हणतात? काय म्हणतात ते?"